पडलेली विमाने, न पडलेली विमाने

१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री दाबोळीच्या धावपट्टीवर विमानतळाचे कामगार घाईघाईने खड्डे बुजवत होते. भारतीय हवाई दलाने त्या दिवशी या धावपट्टीवर दोनदा बॉम्ब टाकले होते. धावपट्टीची चाळण झाली होती. पण विमानतळावर उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमाने मात्र शाबूत होती. एक लिस्बनच्या टॅप कंपनीचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन, दुसरे गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारच्या ताईप या कंपनीचे डग्लस डीसी-४. गोवा हातचा गेल्यात जमा आहे हे अधिकाऱ्यांना कळून चुकले होते. निदान काही जणांची बायकामुले तरी या विमानांतून बाहेर काढावीत, असे ठरले.

आधी निघाले कॉन्स्टेलेशन. वैमानिक होता मानुएल कोर्रेया रेइश. चार इंजिनांच्या एवढ्या धुडाला उडायला जेवढी सलग जागा लागते तेवढी उरलीच नव्हती. जेमतेम सातशे मीटर मिळत होते. वजन कमी करायला जास्तीच्या खुर्च्या आणि बिनकामाचे सामान काढून टाकले होते. विमान धावू लागल्यावर धावपट्टीवरचे दगड-तुकडे उडून त्याच्या अंगावर बसले. पंचवीस भोके पडली, एक टायर गेला, तरी विमान उचलले गेले. दुसरे विमान खुद्द ताईपचे संचालक मेजर सोलानो द अल्मेडा यांनी काढले. रात्रीच्या अंधारात, अगदी खालून उडत, गस्तीवरच्या भारतीय विमानांना चुकवत दोन्ही विमाने कराचीला पोहोचली.

शत्रुपक्षाची असली तरी वैमानिकी म्हणून ही कामगिरी अचाट होती, हे मान्य करायला आता काही हरकत नसावी. पण मला या प्रसंगात दुसरेच काही दिसते. यातले एखादे विमान त्या रात्री कोसळले असते, तर ती जागा आज गोव्यात कुणीही दाखवली असती. तिथे एखादा चबुतरा उभा राहिला असता, निदान गावाने त्या जागेला एखादे नाव तरी ठेवले असते. विमाने सुखरूप सुटली, म्हणून जागाही स्मरणातून सुटली. गोव्याच्या मुक्तीच्या लढाईत आकाशात जे घडले त्याची एकही ठळक खूण जमिनीवर उरलेली नाही. आणि जिथे विमाने खरोखर पडली, घाटकोपरला, जुन्नरच्या डोंगरात, पुढे वास्कोत, तिथे तरी आपण काय जपले?

दाबोळीचा विमानतळ मुळात कोंडीतून जन्माला आला. १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, टपाल थांबले, सीमेवरची ये-जा थांबली. मुंबईवर अवलंबून असलेल्या वसाहतीला बाहेरच्या जगाशी जोडणारी दुसरी वाट हवी होती. ती समुद्रातून होतीच, आता आकाशातून काढली गेली. दाबोळीच्या पठारावर धावपट्टी झाली, तिला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव मिळाले, आणि १९५५ मध्ये 'त्रान्सपोर्तिश आयरेउश द इंदिया पोर्तुगेझा', म्हणजेच ताईप, सुरू झाली. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या तयार झाल्या. भारतावरून जाता येत नव्हते, म्हणून विमाने समुद्रावरून कराची गाठत आणि तिथून पुढे लिस्बनला जात. भारताने घातलेला वेढा पाकिस्तानच्या वाटेने सैल करायचा, असा तो हिशेब होता. सहा वर्षे तो चालला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य उतरले तेव्हा त्यामुळेच हवाई दलापुढचे पहिले लक्ष्य ठरलेले होते. हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. दुसरे लक्ष्य बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र. पोर्तुगिजांचे गोव्यात हवाई दल असे नव्हतेच, त्यामुळे आकाशात झुंज होण्याचा प्रश्न नव्हता. लढाई होती ती धावपट्टीशी आणि खांबांशी.

१८ तारखेच्या सकाळी पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीवर त्रेसष्ट हजार पौंड बॉम्ब टाकले. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून निघालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे केंद्र रॉकेटांनी आणि तोफांनी उद्ध्वस्त केले. नंतर आठ कॅनबेरा पुन्हा दाबोळीवर आली. इमारती वाचवायच्या हुकुमामुळे म्हणा किंवा नागरी विमाने म्हणून म्हणा, कडेची ती दोन विमाने राहिली आणि रात्री निसटली.

जमिनीवर या वेळेपर्यंत उत्तरेत बरेच काही घडून गेले होते. डिचोली तालुक्यातले सीमेवरचे मावळिंगे १७ डिसेंबरलाच भारतीय तुकडीने ताब्यात घेतले होते. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने १८ च्या पहाटे पाच वाजेपर्यंत डिचोली, असनोडा इथले आणि शापोरा नदीवरचे पूल उडवले. विमाने त्यानंतर आली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या तीन रांगा निघाल्या. पूर्वेकडून मराठा पॅराशूट बटालियन उसगाववरून फोंड्याकडे, मधून पंजाब पॅराशूट बटालियन बाणस्तारीच्या वाटेने आणि पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फन्ट्री रणगाड्यांसह थिवीच्या रस्त्याने. ही तिसरी रांग संध्याकाळी मांडवीकाठी बेतीला येऊन थांबली. समोर पणजी दिसत होती.

या मोहिमेतल्या ज्या दोन घटना हवाई इतिहासात नोंदवल्या गेल्या आणि गोव्याच्या स्मरणात मात्र शिरल्या नाहीत, त्या इथल्या आहेत. भूदलाला मदत करायला आलेल्या भारतीय व्हॅम्पायर विमानांनी चुकून आपल्याच शीख लाइट इन्फन्ट्रीवर मारा केला. दोन जवान जखमी झाले. आणि भारतीय जवानांनी आपल्याच एका टेक्सन विमानावर चुकून गोळ्या झाडल्या. त्याचे थोडेसेच नुकसान झाले. युद्धात असे होते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. ज्या लढाईत समोरच्याने आपले एकही विमान पाडले नाही, त्या लढाईत आपल्या विमानाला लागलेल्या गोळ्या आपल्याच होत्या. या घटना अहवालात एकेका ओळीच्या आहेत. त्या कुठल्या वळणावर, कुठल्या शेतावर घडल्या हे नकाशावर टिंब देऊन दाखवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशीचे विमान वेगळ्याच कारणाने लक्षात राहावे असे आहे. १९५५ पासून सावंतवाडीच्या आंबोली घाटातून आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गुप्तपणे एक रेडिओ केंद्र चालवत होते. पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या आणि आवाहने देत होते. सहा वर्षे जंगलात काढलेल्या या दोघांना १९ डिसेंबरला हवाई दलाच्या विमानात बसवले गेले. विमानाला ध्वनिवर्धक लावला होता. गोवा मुक्त झाल्याची घोषणा करत आणि पत्रके टाकत ते विमान गोव्यावर फिरले. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली ती त्याच रात्री साडेआठच्या सुमारास. तोवर आकाशातून आलेला तो आवाज गावागावांनी ऐकला होता.

पेडण्याच्या हद्दीवर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात तिथे कर्नैल सिंग बेनिपाल पोर्तुगीज गोळीबारात मारले गेले. ती जागा नेमकी माहीत आहे, लोक तिथे जातात, शाळेच्या सहली थांबतात. माणूस पडला ती जागा आपण जपतो. यंत्राने जिथे काही केले किंवा यंत्र स्वतः जिथे पडले, ती जागा आपल्याला इतिहासाची वाटत नाही, अपघाताची वाटते. आणि अपघात म्हटला की पंचनामा, चौकशी, नुकसानभरपाई एवढे उरकले की फाइल बंद.

हे गोव्यापुरते नाही. गोवा मुक्त झाल्यावर सात महिन्यांच्या आतच, ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत, अलितालिया कंपनीचे डीसी-८ जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत हे विमान मुंबईला उतरायचे होते आणि पुढे कराची, तेहरानमार्गे रोमला जायचे होते. मुंबईच्या ईशान्येला सुमारे चौऱ्याऐंशी किलोमीटरवर, तीन हजार सहाशे फुटांच्या आसपास, दावंड्याच्या डोंगराने त्याला अडवले. विमानातले चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जण गेले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: आपण विमानतळाच्या जेवढे जवळ आहोत असे वैमानिकाला वाटत होते त्यापेक्षा विमान बरेच मागे होते, म्हणून ते लवकर खाली येऊ लागले. जमिनीवरच्या दिशादर्शक साधनांचा पुरेसा उपयोग केला गेला नाही, किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि या मुलखाची ओळख वैमानिकाला नव्हती. जुलैची रात्र, घाटमाथा आणि पावसाळी ढग. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही त्या रात्रीचा अंदाज करता येईल.

त्याच्या तेरा वर्षे आधी, १२ जुलै १९४९ ला, डच केएलएम कंपनीचे 'फ्रानेकर' नावाचे कॉन्स्टेलेशन मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले होते. पुन्हा जुलै, पुन्हा पावसाळी आभाळ. पंचेचाळीस जण मेले. त्यांत तेरा अमेरिकन पत्रकार होते. इंडोनेशियात डचांचे काय चालले आहे हे दाखवायला डच सरकारने त्यांना दौऱ्यावर नेले होते, आणि ते परत निघाले होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर आणि एस. बर्टन हीथ हे दोघेही त्यांत होते. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकावर दुसऱ्यांदा लष्करी कारवाई केली तेव्हा नेहरू सरकारने डच विमानांना भारतावरून उडायला बंदी घातली होती. त्यामुळे या अपघाताभोवती संशयाचे बरेच धुके जमले. एवढ्या वजनदार मंडळींचा अंत ज्या टेकडीवर झाला, ती आज झोपड्या, इमारती आणि पाण्याच्या टाक्यांत हरवून गेली आहे. जगाच्या वृत्तपत्रांच्या इतिहासातले हे एक मोठे स्थळ मुंबईच्या उपनगरात आहे, हे मुंबईकर पत्रकारांनाही सहसा माहीत नसते.

याच डच-इंडोनेशिया संघर्षातला एक उलटा दाखला आहे, आणि तो भारतीय विमानाचाच आहे. २९ जुलै १९४७ ला व्हीटी-सीएलए या भारतीय नोंदणीच्या डाकोटा विमानाला डच लढाऊ विमानांनी योग्यकर्ताजवळ पाडले. विमान ओरिसाच्या बिजू पटनायक यांच्या कंपनीचे होते आणि सिंगापूरहून औषधे घेऊन निघाले होते. विमानात इंडोनेशियन हवाई दलाचे संस्थापक अधिकारी होते, ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश वैमानिक होते, एक भारतीय तंत्रज्ञ होता. एकजण सोडून सगळे मेले. विमान पडले ते न्गोतो गावाच्या शेतात. इंडोनेशियाने तिथे स्मारक बांधले. अदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि अदिसुमार्मो या तीन मृतांची नावे पुढे तीन विमानतळांना दिली. २९ जुलै हा त्यांचा हवाई दल स्मृतिदिन आहे. विमानाची प्रतिकृती योग्यकर्ताच्या संग्रहालयात आहे. एका डाकोटाच्या पडण्यातून एका नव्या देशाने आपल्या हवाई दलाचा इतिहास रचला. आपल्याकडे बिजूंचे नाव विमानतळाला आहे, पण व्हीटी-सीएलए हे नाव किती जणांना माहीत असेल?

युरोपात हे काम बरेचदा सरकारने नव्हे, डोंगरातल्या माणसांनी केले. माँ ब्लाँच्या बर्फावर एअर इंडियाची दोन विमाने आदळली. ३ नोव्हेंबर १९५० ला 'मलबार प्रिन्सेस', अठ्ठेचाळीस जणांसह. तिच्या शोधात निघालेला शामोनीचा वाटाड्या रेने पेयो हिमनदीच्या भेगेत पडून गेला. मग २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा', एकशे सतरा जणांसह, डॉ. होमी भाभा याच विमानात होते. बोसों हिमनदी तेव्हापासून सावकाश, वर्षानुवर्षांनी, दोन्ही विमानांचे तुकडे खाली सोडते आहे. २०१२ मध्ये भारत सरकारची राजनैतिक टपालाची पिशवी सापडली आणि ती भारतीय दूतावासाकडे दिली गेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणके आणि नीलमणी असलेली पेटी सापडली. त्याने ती पोलिसांकडे जमा केली. वारस सापडले नाहीत. शेवटी २०२१ मध्ये ती रत्ने त्याच्यात आणि शामोनी नगरपालिकेत वाटली गेली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होण्याच्या बातम्या असलेली भारतीय वृत्तपत्रे बर्फातून वर आली. पाहा, बर्फ गोष्टी राखून ठेवते आणि मग परत देते. आपला जांभा आणि आपला पाऊस यांना ते जमत नाही. आपल्याकडे अॅल्युमिनियम भंगारात जाते, लोखंड गंजते, चार पावसांत झाडोरा सगळे गिळतो. म्हणून आपल्याकडे नोंद लवकर व्हायला हवी, आणि नेमकी तीच होत नाही.

ब्रिटनमध्ये १९८६ चा एक कायदा आहे. लष्करी विमान कुठेही कोसळलेले असो, ती जागा आपोआप संरक्षित ठरते. परवान्याशिवाय तिथे खणता येत नाही. आपल्याकडे १९५८ चा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षांची अट घालतो. या हिशेबाने घाटकोपरची टेकडी २०४९ मध्ये पात्र होईल आणि जुन्नरचा डोंगर २०६२ मध्ये. तोपर्यंत काही उरले तर पाहायचे. कायदा दुष्ट नाही, तो देवळे-किल्ल्यांसाठी लिहिला गेला. पण विमान आणि आगगाडी यांनी घडवलेल्या शतकाला त्या कायद्यात जागाच नाही. अरुणाचलच्या जंगलात दुसऱ्या महायुद्धातली जी अमेरिकन विमाने सापडली, ती क्लेटन कूल्स या एका अमेरिकन गिर्यारोहकाच्या चिकाटीमुळे. तो गावोगाव जाऊन शिकाऱ्यांना विचारत फिरला. वीसहून अधिक जागा त्याने शोधल्या. ही विमाने ज्या हवाई मार्गाने ये-जा करत, त्याचे संग्रहालय २०२३ मध्ये पासीघाटला उघडले.

कूल्सच्या पद्धतीतले मर्म साधे आहे, आणि ते आपल्या गावांनाही लागू पडते. आधी माणसे, मग जागा, मग वस्तू. विमानाचा तुकडा सापडला की तो उचलून घरी आणायचा मोह होतो. तिथेच खरे नुकसान होते. तुकडा कुठे, कुठल्या दिशेला, इतर तुकड्यांपासून किती अंतरावर पडला आहे, त्यावरून विमान कुठल्या कोनातून आले, आधी कुठे घासले, आग कधी लागली हे कळते. तुकडा हलला की हे सगळे पुसले जाते, उरते ते फक्त धातूचे पान. म्हणून आधी फोटो, शेजारी मोजपट्टी, अक्षांश-रेखांश. कारखान्याची पट्टी असेल तर तिच्यावरचे आकडे उतरवून घ्यायचे. त्या आकड्यांवरून विमानाची अख्खी कुंडली निघते. आणि मेलेल्या माणसांचे काही सापडले, तर तिथे हात न लावता पोलिसांना कळवायचे. हा शिष्टाचारही आहे आणि कायदाही.

गोव्याकडे परत येतो, कारण गोव्यातही विमाने पडली आहेत. १९६२ च्या एप्रिलमध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी दाबोळी नौदलाच्या ताब्यात दिली. १९६४ मध्ये आयएनएस हंसा कोइमतूरजवळच्या सुलूरहून इथे आली. कराचीला पळून जाण्यासाठी ज्या धावपट्टीवरचे खड्डे बुजवले गेले, ती पुढे नौदलाच्या विमानांचे घर झाली. १ ऑक्टोबर २००२ ला आयएनएएस ३१५ या पथकाचा रौप्यमहोत्सव होता. दोन इल्युशिन-३८ विमाने एकमेकांच्या जवळून उडत संचलन करत होती. ती आकाशातच एकमेकांना धडकली आणि वास्कोच्या वस्तीजवळ कोसळली. दोन्ही विमानांतले बारा नौसैनिक गेले, जमिनीवरचे काही नागरिकही गेले. पाच विमानांच्या पथकातली दोन एका क्षणात नाहीशी झाली. उरलेली तीन नूतनीकरण होऊन उडत राहिली, आणि पथकातली शेवटची इल्युशिन-३८ २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

दाबोळीपासून थोड्याच अंतरावर बोगमाळोला नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. सीलँड, फायरफ्लाय, अलिझे, सी हॉक, सी हॅरिअर अशी विमाने तिथे उघड्यावर उभी आहेत. एक सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. ते आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, मग हवाई दलाकडे गेले, मग नौदलाकडे. सातशे मीटर धावपट्टीवरून निसटलेल्या त्या पोर्तुगीज विमानाची ही सख्खी बहीण त्याच दाबोळीच्या परिसरात उभी आहे, हा योगायोग तिथल्या पाटीवर लिहायला हरकत नव्हती. संग्रहालयाला नावे ठेवायची नाहीत, ते चांगलेच आहे. पण संग्रहालय विमाने जपते. जागा जपणे हे त्याचे काम नाही. ते काम कुणाचेच नाही, म्हणून ते राहिले.

आणि जागा म्हटले की डिचोली-पेडण्याचा विषय काढावाच लागतो, कारण या दोन तालुक्यांत जागाच राहत नाही. हे अलंकारिक नाही. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी पोर्तुगीज काळापासून खणले जात आहेत. शिरगाव, मये, मुळगाव या भागांतल्या कित्येक टेकड्यांची उंची आज १९६१ ची राहिलेली नाही, काहींच्या जागी खड्डे आहेत आणि खड्ड्यांत पाणी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्या फेरीतले बहुतेक पट्टे याच तालुक्यातले निघाले. पोर्तुगिजांनी उडवलेल्या डिचोलीच्या पुलाची जागा तरी सांगता येते, कारण नदी आहे तिथेच आहे. पण एखाद्या टेकडीवरून कुणी विमाने पाहिली असतील, तर ती टेकडी आता कदाचित जपानच्या एखाद्या पुलात किंवा चीनच्या एखाद्या इमारतीत असेल.

पेडण्यात मोपाचा सडा होता. जांभ्याचे पठार, पावसाळ्यात रानफुले, उतारावर काजू आणि झरे. २०१६ मध्ये तिथे विमानतळाची पायाभरणी झाली, झाडांवरून खटले झाले, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि नंतर पुन्हा दिली. ११ डिसेंबर २०२२ ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. दोन हजारांहून अधिक एकर जागा विमानतळासाठी गेली. विमानतळ हवा होता की नको, हा वाद इथे नको. तो झाला आणि त्याने बऱ्याच पेडणेकरांना रोजगार दिला. पण सपाटीकरणाआधी त्या सड्याची एकूण एक नोंद, म्हणजे कुठल्या वाटा होत्या, कुठले देवचार होते, मुक्तीच्या काळात तिथून कोण गेले-आले, ती कोणी करून ठेवली? पर्यावरणाचा अहवाल होतो, त्यात पक्षी आणि झाडे मोजली जातात. माणसांच्या आठवणी त्या तक्त्यात बसत नाहीत.

गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा निघतो. त्यावर मालक, कूळ, पीक, रस्त्याचा हक्क सगळे असते. याच उताऱ्यातल्या सर्व्हे नंबराला धरून १८ आणि १९ डिसेंबरच्या जागा नोंदवता येतील. पंचायतीच्या एका ठरावाने ते काम सुरू होते, सरकारी पुरातत्त्व खात्याची वाट पाहावी लागत नाही. हवाई दलाचे अधिकृत वृत्तांत आहेत, पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या आठवणी लिस्बनला छापल्या गेल्या आहेत, पणजीच्या पुराभिलेखागारात कागद आहेत. कमी आहे ती या तिघांना एकाच नकाशावर आणणारी गावाकडची बाजू. वैमानिकाला वरून रस्ता आणि टेकडी दिसली. खाली शेतात उभ्या असलेल्या माणसाला त्या टेकडीचे नाव माहीत होते.

ती माणसे अजून आहेत. त्या सकाळी दहा-बारा वर्षांचा असलेला डिचोलीचा किंवा पेडण्याचा मुलगा आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्याला भावना विचारत बसण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक जण सांगतो की आनंद झाला, भीती वाटली. विचारायचे ते असे: पूल उडाल्याचा आवाज आधी आला की विमानांचा? विमाने कुठल्या डोंगरामागून आली आणि कुठल्या बाजूला गेली? किती होती, एकत्र होती की एकामागे एक? खाली आली का, पंखांवरची गोल खूण दिसली का? नंतर शेतात काही सापडले का, गोळीच्या नळ्या, रॉकेटचा तुकडा, आणि ते कुठे ठेवले, कुणी नेले? ध्वनिवर्धकाचे विमान आले तेव्हा तुम्ही कुठे उभे होता, आणि त्यातून आलेले शब्द कोकणी होते की पोर्तुगीज? मग, चालता येत असेल तर, काका, चला, तेवढी जागा दाखवा.